कुजायच्या आत

हिजलखालीच्या धक्क्याकडे जाणारा हा तिसरा रस्ता.
आधीचे दोन खाली आहेत,
एकावर एक,
विटांसकट, डांबरासकट,
एका ट्रकच्या मडगार्डासकट.
गाळाने काही परत केलं नाही.

इथे दगड नाही.
खुलन्यापासून समुद्रापर्यंत नांगराला खडा लागत नाही.
माती भाजून वीट करायची,
वीट फोडून तिला खडी म्हणायचं
आणि ती खडी पुन्हा मातीच्याच घशात घालायची.
माझी नोकरी या व्यवहाराचा हिशेब ठेवायची:
लोखंडी नळकांड्यात माती ठोकतो,
वरून दट्ट्या दाबतो,
किती सोसते ते वहीत लिहितो.
या मातीपुढे दोन लिहिला.
दोन म्हणजे
उभे राहिलात तर घोट्यापर्यंत,
विचार करत राहिलात तर गुडघ्यापर्यंत.

साहेब ढाक्याहून आले. म्हणाले, ताग घालून बघू.
बोटाच्या पेराएवढे तुकडे,
शंभर किलो मातीत एक किलो.
कमी घातला तर माती दाद देत नाही.
जास्त घातला तर तंतू तंतूलाच धरतो,
मातीला विसरतो,
न विंचरलेल्या केसांसारखे गोळे होतात.
हे एवढंसं प्रमाण शोधण्यात माझे सहा महिने गेले.

ताग कापायला मोर्जिना बिबी.
गिरणीत बावीस वर्षं तुटलेल्या धाग्यांना गाठी मारल्या तिने.
कुलूप लागलं त्या दिवशी
एक गाठ अर्धीच राहिली, म्हणते,
ती कुणी मारली असेल?
आता अंगणात विळी मांडून बसते.
डोळे मिटून कापेल तरी माप चुकणार नाही,
पण दर दहाव्या तुकड्याला
अंगठा लावून बघते.

पैसे किलोवर.
ताग ओला करून आणते, हे मला माहीत.
मला माहीत आहे, हे तिला माहीत.
पोतं काट्यावर चढवताना ती आभाळाकडे बघते,
"काल दव फार पडलं."
मी चिमूटभर नमुना भट्टीत वाळवतो.
ओलावा: एकवीस टक्के.
वहीत खरं लिहितो,
पैसे काट्याप्रमाणे देतो.
हे साहेबांना सांगू नका.

एकदा तिने विचारलं, मातीत हे टिकेल किती?
दोन पावसाळे. फार तर तीन. मग कुजेल.
ती विळीवरून उठलीच.
"कुजणार? आणि त्यावरून बस नेणार?"
मी सांगू लागलो,
की तोवर पाणी तंतूंच्या वाटेने निघून जातं,
चाकं वरून दाबत राहतात,
कण कणाला जाऊन टेकतो,
नंतर धरून ठेवायला कुणी लागत नाही.
"आणि नाही टेकला तर?"
वहीत याला रकाना नाही.

चौथ्या वर्षी
रस्त्याच्या कडेला हातभर खड्डा घेतला.
ताग नव्हता.
त्याच्या जागी बारीक तपकिरी रेघा,
चहा सांडलेल्या कागदावर उरतात तशा.
बोट फिरवलं तर त्याही गेल्या.
खड्ड्याच्या भिंती मात्र उभ्या.
कुदळ दोनदा उसळून परत आली होती.
दट्ट्या लावला. सात.
विश्वास बसेना म्हणून पुन्हा लावला. साडेसहा.
साडेसहा लिहिला.

तेवढ्यात मोर्जिना बिबी सायकलव्हॅनवरून गेली,
पाय खाली सोडलेले, मांडीवर बदकांची टोपली,
चालकाशी भाड्यावरून हुज्जत घालत.
"खड्डा नीट बुजव रे!"
एवढंच ओरडली.
ताग आठवला असेल, नसेल.

बुजवला.
टाच मारून मारून घट्ट केला.
मग वही काखेत धरून
रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो,
विचार करत,
बराच वेळ.
बसने हॉर्न दिला तेव्हा बाजूला झालो.